पंच आणि यंत्र

पिंपरी-चिंचवडमधील वाकडहून मुळा नदीचा पूल ओलांडला, की बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलाने आजवर अनेक मोठे सामने पाहिले आहेत. ३० जानेवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरिया यांचा उपान्त्यपूर्व सामना येथेच झाला. ऑस्ट्रेलियाचा संघ बलाढ्य समजला जात होता. पण कोरिया जिंकला, तर २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेतील त्याची जागा निश्चित होणार होती. एका सामन्यावर वर्षानुवर्षांची मेहनत पणाला लागली होती.

पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाच्या पेनल्टी क्षेत्रात कोरियाच्या एका खेळाडूला अडविण्यात आले. हे अडविणे नियमाला धरून होते की नव्हते? मैदानावर ही गोष्ट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडून गेली होती. परंतु कॅमेऱ्यांनी ती टिपून ठेवली होती. चित्रफीत तपासण्यात आली आणि कोरियाला पेनल्टी बहाल झाली. चो सो-ह्यून हिने मारलेला चेंडू मात्र आडव्या दांड्यावरून निघून गेला! अखेर सामना संपण्यास काही मिनिटेच उरली असता जी सो-युन हिने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात शिरला आणि कोरिया १-० असा विजयी झाला.

या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीपासून एक नवी व्यवस्था योजिलेली होती. तिला ‘व्हिडिओ साहाय्यक पंच’ असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘व्हीएआर’ या नावाने ओळखली जाते. पंचांच्या चुका टाळण्यासाठी ही व्यवस्था निघाली; परंतु तिच्यामुळे वाद मिटले नाहीत. उलट, काही नवे वाद निर्माण झाले. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. मग कॅमेऱ्याने दिलेल्या साक्षीवर माणसे का भांडतात? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर फुटबॉलमधील सर्वांत अवघड निर्णय कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. तो निर्णय म्हणजे ‘ऑफसाइड’चा.

ऑफसाइडचा नियम वरवर पाहता सोपा आहे. आपल्या सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी एखादा खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असेल आणि चेंडू व प्रतिपक्षाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोहोंपेक्षा त्यांच्या गोलरेषेला अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड ठिकाणी आहे असे समजतात. शेवटचा खेळाडू बहुधा गोलरक्षक असतो. म्हणून सर्वसाधारणपणे शेवटच्या बचावपटूकडे पाहिले जाते. डोके, धड आणि पाय यांचाच येथे विचार होतो. हात मोजले जात नाहीत. नुसते त्या ठिकाणी उभे राहणे हा काही गुन्हा नव्हे. तेथून तो खेळात भाग घेऊ लागला, की पंच शिट्टी वाजवितो.

हा नियम नसता तर काय झाले असते? प्रत्येक संघाने आपला एखादा चपळ गडी प्रतिपक्षाच्या गोलजवळ ठाण मांडून बसविला असता. मागून कोणीतरी चेंडू उंच भिरकावावा आणि त्याने तो जाळ्यात ढकलावा, एवढाच खेळ उरला असता. एकमेकांना चेंडू देत, बचाव भेदीत पुढे सरकण्याचे कौशल्य लोपले असते. म्हणूनच १८६३ मध्ये लंडन येथे फुटबॉलचे नियम प्रथम लिहिले गेले तेव्हाही हा नियम होता आणि तो आजच्यापेक्षा पुष्कळच कडक होता. चेंडूच्या पुढे असलेल्या सहकाऱ्याला त्या वेळी खेळात भागच घेता येत नसे. १८६६ मध्ये, गोलरेषा आणि खेळाडू यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असल्यास चालेल, अशी सवलत मिळाली. १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले. १९९० मध्ये, शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीने असलेला खेळाडूही निर्दोष ठरला. पिंपरीच्या नेहरूनगरमधील मेजर ध्यानचंद मैदानावर जो हॉकीचा खेळ चालतो, त्यातही पूर्वी ऑफसाइड होते; परंतु १९९८ पासून हॉकीने ते कायमचे काढून टाकले. यावरून एक गोष्ट लक्षात येते. खेळाचे नियम काही निसर्गाने घालून दिलेले नसतात. खेळ अधिक चांगला व्हावा म्हणून माणसे ते करतात आणि गरज पडेल तेव्हा बदलतात.

आता हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहणाऱ्या पंचाची अडचण पाहा. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान शंभर ते एकशे दहा मीटर लांब असते. मुख्य पंच मैदानात धावत असतो आणि दोन साहाय्यक पंच हातात ध्वज घेऊन दोन बाजूंच्या रेषांवरून धावतात. ऑफसाइड ओळखण्याचे काम मुख्यतः या साहाय्यकांचे. त्यांना एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहावे लागते. चेंडू मारणाऱ्याचा पाय एकीकडे, तर शेवटचा बचावपटू दुसरीकडे. आणि या दोहोंमध्ये कधी कधी तीस-चाळीस मीटरांचे अंतर! नजर एकीकडून दुसरीकडे वळविण्यास सेकंदाचा दहावा भाग लागला असे धरले, तरी तेवढ्या अवधीत सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा आक्रमक ऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा पंच चुकला, तर तो आंधळा किंवा लबाड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसाच्या डोळ्याकडून आपण अशक्यप्राय गोष्टीची अपेक्षा करीत असतो.

तथापि चूक ती चूकच. आणि तिची किंमत खेळाडूंना मोजावी लागते. २७ जून २०१० हा दिवस या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाचे दोन सामने झाले. पहिल्यात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून जर्मनीच्या गोलरेषेच्या स्पष्टपणे आत पडला आणि बाहेर आला. परंतु पंचांना तो दिसला नाही व गोल मिळाला नाही. दुसऱ्यात अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने मेक्सिकोविरुद्ध केलेला गोल उघड उघड ऑफसाइड होता, तरी तो मान्य झाला. इतकेच नव्हे, तर मैदानातील मोठ्या पडद्यावर ते दृश्य पुन्हा दाखविले गेले. हजारो प्रेक्षकांनी चूक पाहिली. मेक्सिकोच्या खेळाडूंनी ती पाहून पंचांभोवती गर्दी केली. परंतु पडद्यावरील दृश्यावरून निर्णय बदलण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती! जे साऱ्या जगाला दिसते, ते एकट्या पंचाने पाहू नये, हे कसे योग्य म्हणावे? यंत्राचे साहाय्य घ्यावे, ही मागणी त्या दिवसापासून जोर धरू लागली.

२०१२ मध्ये, चेंडू गोलरेषेच्या आत गेला की नाही हे सांगणारे यंत्र वापरण्यास मान्यता मिळाली. मार्च २०१८ मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंचाची तरतूद नियमांत करण्यात आली आणि त्याच वर्षी रशियात झालेल्या विश्वचषक स्पर्धेत ती अमलात आली. या व्यवस्थेत काही पंच मैदानापासून दूर, पडद्यांनी भरलेल्या खोलीत बसतात. निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये त्यांच्यासमोर असतात. गोल झाला असता, पेनल्टीचा प्रश्न आला असता, खेळाडूला थेट तांबडे कार्ड दाखविण्याची वेळ आली असता, किंवा एकाऐवजी दुसऱ्यालाच शिक्षा झाली असता, अशा चार प्रसंगी त्यांनी लक्ष घालावे असे तेव्हा ठरले. तेही चूक स्पष्ट आणि ढळढळीत असेल तरच! दूरच्या खोलीतील पंच सल्ला देतो. अंतिम निर्णय मात्र मैदानावरील पंचाचाच राहतो.

अशी काळजीपूर्वक आखलेली व्यवस्था असूनही तिच्यावर आक्षेप घेतले गेले. त्यांतील पहिला आक्षेप रसिकांचा आहे. फुटबॉलमध्ये गोल क्वचित होतात. म्हणूनच गोल झाला की आनंदाला उधाण येते. आता मात्र गोल झाल्यावर खेळाडू आणि प्रेक्षक श्वास रोखून थांबतात. दूरच्या खोलीतून निर्णय येईपर्यंत आनंद करावा की करू नये, हेच कळेनासे होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कॅमेरा काय घडले ते दाखवितो. त्याचा अर्थ मात्र सांगत नाही. १५ जुलै २०१८ रोजी फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. पंच नेस्तोर पिताना यांनी मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर ते दृश्य पाहिले आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. परंतु तो लागणे दोषास पात्र होते काय, यावर पुढे पुष्कळ दिवस वाद झाला. असा प्रश्न कॅमेऱ्याने सुटत नाही. तेथे माणसाची विवेकबुद्धीच लागते.

तिसरा आक्षेप असा, की यंत्र अचूक असले तरी ते वापरणारी माणसे चुकू शकतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी इंग्लंडमध्ये टॉटनहॅम व लिव्हरपूल या संघांच्या सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस दियासने गोल केला. साहाय्यक पंचाने तो ऑफसाइड ठरविला. खोलीतील पंचांनी चित्रफीत तपासली आणि गोल योग्य आहे हे त्यांना बरोबर कळले. परंतु मैदानावर गोल दिलाच गेला आहे, अशा समजुतीने त्यांनी ‘तपासणी पूर्ण झाली’ एवढेच कळविले. मैदानावरील पंचाने त्याचा अर्थ ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला आणि खेळ पुढे सुरू झाला! चूक ध्यानात आली तेव्हा वेळ निघून गेली होती. कॅमेऱ्याने अचूक पाहिले, माणसाने अचूक ओळखले. पण दोन माणसांमधील एका अपुऱ्या वाक्याने गोल गमावला.

चौथा आक्षेप ऑफसाइडच्या मापाविषयीचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नीट समजण्यासाठी क्षणभर फुटबॉलचे मैदान सोडून कारखान्यात डोकावले पाहिजे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात मोटारी, दुचाकी व त्यांचे सुटे भाग तयार करणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. येथील कुशल कामगार सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजमापांशीच खेळत असतो. एखाद्या दांड्याचा व्यास वीस मिलिमीटर हवा असेल, तर त्याच्या आराखड्यावर नुसते ‘वीस’ लिहून भागत नाही. ‘वीस, अधिक-उणे दोन शतांश’ असे काहीतरी लिहावे लागते. म्हणजे १९.९८ पासून २०.०२ मिलिमीटरपर्यंतचा कोणताही दांडा चालेल. या मुभेला कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणतात. जगातील कोणतेही यंत्र अगदी तंतोतंत वीस मिलिमीटरचा दांडा करू शकत नाही, हे कामगाराला ठाऊक असते.

त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. प्रत्येक मापकाला स्वतःची मर्यादा असते. पोलादी पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. तिने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येणार नाही. त्यासाठी मायक्रोमीटरच घ्यावा लागतो आणि तोही ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो. पोलादी पट्टीने शतांश मोजून दांडे निवडू पाहणाऱ्या उमेदवाराला जुना कारागीर हसून सांगेल, “बाळ, तुझे गणित चुकत नाही, तुझे माप अपुरे पडते आहे.”

ऑफसाइड मोजणाऱ्या कॅमेऱ्याचे असेच झाले. कॅमेरा सलग पाहत नाही. तो एका सेकंदात ठरावीक चित्रे घेतो. अशी पन्नास चित्रे घेतली जातात असे धरू. मग दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. आक्रमक सेकंदाला आठ मीटर वेगाने पुढे धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो सोळा सेंटिमीटर पुढे जाईल. त्याच वेळी बचावपटू सेकंदाला पाच मीटर वेगाने उलट दिशेस येत असेल, तर तो दहा सेंटिमीटर सरकेल. दोघांमधील अंतर एकूण सव्वीस सेंटिमीटरांनी बदलेल! चेंडूला पाय लागला तो नेमका क्षण या दोन चित्रांच्या मधोमध असेल, तर कोणते चित्र खरे मानावयाचे? असे असूनही त्यांपैकी एका चित्रावर केसासारखी बारीक रेषा ओढून, एखाद्याचा अंगठा दोन सेंटिमीटर पुढे होता म्हणून गोल रद्द केला गेला, तर त्याला अचूकपणा म्हणता येईल काय? तो पोलादी पट्टीने शतांश मोजण्याचाच प्रकार होय.

हा दोष जाणत्यांच्या लक्षात आला आणि त्यावर दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला उपाय म्हणजे मापक सुधारणे. २०२२ मध्ये कतार येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत मैदानाच्या छताखाली बारा विशेष कॅमेरे लावण्यात आले. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील एकोणतीस बिंदूंची जागा ते सेकंदातून पन्नास वेळा टिपीत. चेंडूच्या आत एक संवेदक बसविलेला होता. तो सेकंदाला पाचशे वेळा माहिती पाठवी. त्यामुळे चेंडूला पाय लागल्याचा क्षण पूर्वीपेक्षा फारच नेमका कळू लागला. पहिल्याच सामन्यात, तिसऱ्याच मिनिटाला, इक्वेडोरच्या एन्नेर वॅलेन्सियाने केलेला गोल या यंत्रणेच्या साहाय्याने ऑफसाइड ठरला.

दुसरा उपाय म्हणजे मापकाची मर्यादा मान्य करून तिला नियमात स्थान देणे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१ मध्ये ऑफसाइडच्या रेषा अधिक जाड केल्या. आक्रमकाची व बचावपटूची रेषा एकमेकींवर आली, तर आक्रमकाला निर्दोष मानावयाचे, असे ठरले. थोडक्यात, कारखान्यातील ‘टॉलरन्स’ मैदानावर आला.

क्रिकेटने तर हे शहाणपण आधीच अंगी बाणविले होते. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या गहुंजे येथील मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना झाला. चौथ्या डावात भारताच्या दोन्ही सलामीवीरांनी पायचीतच्या निर्णयांविरुद्ध दाद मागितली. दोन्ही वेळा यंत्राने पंचांचाच निर्णय उचलून धरला. फेरतपासणीची संधी संपली आणि पुढच्या फलंदाजांना ती उरलीच नाही. भारत तो सामना ३३३ धावांनी हरला. या फेरतपासणीत ‘अंपायर्स कॉल’ नावाची एक तरतूद आहे. चेंडू पायाला लागला नसता तर तो कोठे गेला असता, याचा अंदाज यंत्र करते. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागला असता असे दिसले, तर मैदानावरील पंचाने मुळात जो निर्णय दिला असेल तोच कायम राहतो. अनेकांना ही तरतूद विचित्र वाटते. वस्तुतः ती यंत्राची प्रामाणिक कबुली आहे. “इतक्या बारीक फरकाविषयी मला खात्रीने सांगता येत नाही, येथे तुमच्या पंचावरच विश्वास ठेवा,” असेच जणू यंत्र म्हणत असते.

एवंच, पंच की यंत्र हा वाद खरे पाहता चुकीच्या ठिकाणी घातला जातो. ढळढळीत चुका सुधारण्यासाठी यंत्र हवेच. ते २०१० मध्ये असते, तर मेक्सिकोवर तो अन्याय झाला नसता. बालेवाडीच्या मैदानावर ते होते, म्हणून कोरियाला तिची पेनल्टी मिळाली. परंतु यंत्राला जेवढे दिसते, त्यापेक्षा अधिक त्याच्याकडून वदवून घेणे योग्य नव्हे. जो आपले माप किती खरे आणि किती अंदाजाचे हे आधीच सांगतो, त्याचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला, तरी मान्य करावासा वाटतो. जो आपण कधीच चुकत नाही अशी ऐट मिरवितो, त्याच्यावरचा विश्वास एका चुकीने उडून जातो. ही गोष्ट यंत्राला लागू आहे, तशीच माणसालाही लागू आहे.

मोठ्या स्पर्धांची गोष्ट ही अशी झाली. मुले मात्र ज्या मैदानांवर खेळतात, तेथे बारा कॅमेरे नसतात आणि चेंडूत संवेदकही नसतो. शाळेचे मैदान असते, चुन्याने आखलेल्या पुसट रेषा असतात आणि शिट्टी घेतलेले एखादे शिक्षक पंच म्हणून धावत असतात. त्यांची नजर कधी चुकते. अशा वेळी खरी गोष्ट एखाद्या खेळाडूलाच ठाऊक असते. चेंडू आपल्या हाताला लागला, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? त्याने आपण होऊन हात वर केला, तर तेथे कॅमेऱ्याची गरज पडत नाही. आणि पंचाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला असता क्षणभर वाईट वाटून घेऊन जो पुन्हा चेंडूमागे धावू लागतो, तोच पुढचा गोल करण्याची शक्यता अधिक असते. पेनल्टी हुकल्यावर कोरियाच्या खेळाडूंनी तेच केले.